दुसरा आवाज सुरू झाला की पहिला का सुटतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठात आपण दोन वर्षांपासून एक समूहगान गट चालवत आहात. गटात २४ मुले-मुली आहेत आणि त्यांतली निम्मीअधिक शास्त्रीय गाणे थोडेफार शिकलेली आहेत. एकसुरात गट चांगला गातो. पण चालीला दुसरा आवाज, म्हणजे तिच्याबरोबर वेगळ्या स्वरांवर चालणारी ओळ, जोडला, की दोन-तीन ओळींतच सगळे पुन्हा मुख्य चालीवर येऊन बसतात, आणि साथ काढून घेतली तर गाणे संपेपर्यंत सूर उतरलेला असतो. प्राथमिक पातळीच्या पुढे गटाला कसे न्यावे आणि एका सत्रात किती मजल मारता येईल, असे आपण विचारले आहे.

माझ्या अनुभवाप्रमाणे या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. आपल्या मुलांना स्वतःचा सूर लावता येतो, पण शेजारच्या सुराच्या संदर्भात स्वतःचा सूर ऐकण्याची सवय त्यांना नाही. ती सवय न लागण्याचे मुख्य कारण तालमीच्या खोलीत बहुधा मधोमध ठेवलेले असते, आणि ते म्हणजे पेटी. त्यामुळे माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा, की पुढचे दोन महिने तालमीत पेटी आणि कीबोर्ड चालीबरोबर वाजवू नका. चाल शिकवताना एकदा वाजवून दाखवावी, आणि मग भाता बंद करून तानपुरा लावावा.

हे कठोर वाटेल, म्हणून कारण सविस्तर सांगतो. आपल्याकडे समूहाने गाण्याची परंपरा मोठी आहे. दिंडीतला अभंग, घरोघरची आरती, पोवाड्यात शाहिराच्या मागे उभे राहणारे झीलकरी, हे सगळे समूहगानच आहे. पण त्यात प्रत्येक जण तीच चाल थोडीफार आपल्या पद्धतीने म्हणत असतो, आणि त्या किंचित वेगळेपणातच त्याची गोडी असते. दुसरीकडे, शास्त्रीय तालमीत विद्यार्थी तानपुऱ्याशी सूर जुळवायला शिकतो. ही शिदोरी फार मोलाची आहे आणि पाश्चात्त्य पद्धतीच्या अनेक हौशी गायनवृंदांना ती लाभत नाही. मात्र तानपुरा कधी जागचा हलत नाही. शेजारचा आवाज हलतो. हलत्या सुराशी जुळवून घेत स्वतःच्या वेगळ्या सुरावर टिकून राहणे हे कौशल्य ना दिंडीत लागते ना ख्यालाच्या तालमीत, आणि पेटी प्रत्येक आवाजाची चाल बरोबरीने वाजवून देत असेल तर ते समूहगानातही कधी येत नाही, कारण मुले एकमेकांचे न ऐकता पेटीचे ऐकत राहतात.

याशिवाय पेटीची एक खरी अडचण सुराचीही आहे. आपल्या शास्त्राच्या पुस्तकांत मध्य षड्जाची सेकंदाला २४० आंदोलने धरतात, तीच येथे धरू. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या मुलांचा शुद्ध गंधार षड्जाशी ५:४ या प्रमाणात, म्हणजे ३०० आंदोलनांवर लागतो. कीबोर्डची आणि बहुतेक पेट्यांची पट्टी टेम्पर्ड, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेली, असते. तिच्यातला गंधार सुमारे ३०२.४ वर असतो. पंचमात हा फरक नगण्य आहे (३६० आणि सुमारे ३५९.६), पण गंधारात तो कानाला स्पष्ट कळतो. कोमल गंधाराची गोष्ट उलटी आहे. तो ६:५ या प्रमाणाने २८८ वर यायला हवा, तर टेम्पर्ड पट्टीत तो २८५.४ च्या आसपास, म्हणजे खाली असतो. एकट्याने गाताना हे खपून जाते. पण दहा मुली षड्ज धरून आहेत आणि दहा मुले गंधार, अशा वेळी गंधार ३०० वर बसला की दोन स्वर एकमेकांत मुरल्यासारखे वाटतात, आणि ३०२ वर असला की नाद किंचित खडबडीत होतो. पेटी चालू ठेवून त्यांना तो मुरलेला गंधार कधीच ऐकू येणार नाही, आणि जो नाद ऐकलेलाच नाही तो मुले शोधणार कुठून?

तालमीची सुरुवात मी अशी करतो. तानपुरा लावून सगळे उभे राहतात आणि एकाच षड्जावर, अगदी बेताच्या आवाजात, ‘आ’ असा आकार धरतात. दोन आवाज जवळजवळ सारखे पण पूर्ण सारखे नसले, की नादात लाटा ऐकू येतात. एक आवाज २२० वर आणि दुसरा २२२ वर असेल तर सेकंदाला दोन लाटा. हे मुलांना आधी दोन तानपुऱ्यांच्या तारांवर ऐकवावे, म्हणजे ‘बेसूर’ हा शेरा न राहता मोजता येण्याजोगी वस्तू होते. मग निम्म्या गटाला षड्जावर ठेवून उरलेल्यांना पंचमावर न्यावे आणि लाटा थांबेपर्यंत तेथेच राहू द्यावे. त्यानंतर तिसऱ्या लहान गटाने गंधार अगदी हळू आवाजात, जणू त्या दोघांच्या मधल्या फटीत सरकवावा. हा गंधार जवळपास नेहमी आधी चढा येतो. ‘खाली घ्या’ असे सांगू नये. षड्जाच्या गटाला ‘थोडे अधिक’ आणि गंधाराच्या गटाला ‘थोडे कमी’ असे हाताने खुणावावे. आपला आवाज कमी झाला की दुसऱ्याचा ऐकू येतो आणि गंधार आपोआप जागेवर येतो. पहिल्यांदा तो बसतो तेव्हा खोलीत क्षणभर वेगळीच शांतता येते आणि दोन-तीन मुले हमखास एकमेकांकडे पाहून हसतात. तेवढ्यावर थांबावे. हा प्रकार १० ते १२ मिनिटांपेक्षा जास्त ताणला तर कान थकतात आणि मुले केवळ आज्ञापालन म्हणून स्वर धरू लागतात.

आता पट्टीविषयी, कारण मिश्र गटात निम्मे घोळ तेथेच होतात. आपल्याकडे मुलगे साधारण काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गातात आणि मुली पांढरी सहाच्या आसपास. बहुतेक गटांत शिक्षकाची स्वतःची पट्टी असते तीच सगळ्यांची होते. परिणामी शिक्षक पुरुष असेल तर मुली तार सप्तकात ओढून गातात आणि शिक्षिका असेल तर मुलग्यांचे मंद्रातले शब्द ऐकूच येत नाहीत. सप्तकाचा फरक सोडून दिला, तर पांढरी सहा आणि काळी एक यांच्यात फक्त चार अर्धस्वरांचे अंतर आहे आणि त्यांचा बरोबर मध्य पांढरी सात येतो. चालीचा पल्ला मंद्र पंचमापासून तार रिषभ-गंधारापर्यंत असेल, तर पांढरी सात षड्ज धरून दोन्ही बाजू आपापल्या सप्तकात सुखाने गाऊ शकतात. चाल वरच्या बाजूला अधिक राहत असेल तर काळी पाच घ्यावी. मात्र पट्टी गाण्याप्रमाणे ठरवावी आणि प्रत्येक गाण्याची वेगळी असू शकते, हे मुलांच्या अंगवळणी पाडावे.

त्याच ओघात आवाजांच्या वाटणीबद्दल. पाश्चात्त्य गायनवृंदात सोप्रानो, आल्टो (स्त्रियांचे वरचा आणि खालचा आवाज), टेनर आणि बास (पुरुषांचे वरचा आणि खालचा आवाज) असे चार भाग प्रचलित आहेत आणि छापील रचनाही बहुतांशी तशाच मिळतात. आपल्या गटात चौघांचा आग्रह धरू नये, असे माझे मत आहे. अठरा ते बावीस वर्षांच्या, काळी एकमध्ये तार पंचमापर्यंत जाण्याची सवय असलेल्या मुलग्यांत खरा खालचा बास क्वचितच सापडतो. त्या वयात पुरुषी आवाज अजून स्थिरावत असतो, आणि त्याला बळेच खाली दाबला तर घशाला त्रास होतो नि नादही पोकळ येतो. मुलींचे दोन आणि मुलग्यांचा एक अशी तीन आवाजांची मांडणी आपल्याला अधिक फळेल. आणखी एक विनंती अशी, की सूर पक्का असणाऱ्या मुलींना कायमचे खालच्या आवाजात बसवू नये. सगळेच शिक्षक तसे करतात, मीही केले आहे. त्याने त्या मुलींचा वरचा पल्ला वाढत नाही आणि वरच्या आवाजातल्या मुलींचे कान तयार होत नाहीत. दर दोन गाण्यांनी अदलाबदल करावी.

दुसऱ्या आवाजाकडे जाताना बहुतेक जण एकदम हार्मनीवर उडी मारतात. मधल्या पायऱ्या गाळल्या की मुले पुन्हा चालीवर येऊन पडणारच. पहिली पायरी स्थिर स्वराची: एका गटाने चाल गायची आणि दुसऱ्याने शब्दांसह फक्त षड्ज किंवा पंचम धरायचा. दुसरी पायरी लहानशा आवर्ती तुकड्याची, म्हणजे चार मात्रांचा तोच तोच तुकडा चालीखाली फिरवत ठेवण्याची. झीलकऱ्यांची सवय असलेल्या मुलांना हे लगेच जमते. तिसरी पायरी पाठोपाठ गाण्याची, आणि माझ्या मते सर्वांत अधिक वेळ येथेच द्यायला हवा.

पाठोपाठ गाण्यासाठी भूप घ्यावा. सा रे ग प ध प ग रे, अशा आठ मात्रा एकेका मात्रेला एक स्वर या हिशेबाने फिरत ठेवाव्यात. पहिला गट सुरू झाल्यावर दोन मात्रांनी दुसरा गट सुरू होतो. दुसऱ्याच्या षड्जावर पहिल्याचा गंधार येतो, रिषभावर पंचम, गंधारावर धैवत; आणि दुसऱ्या गटाच्या चौथ्या मात्रेला दोघेही पंचमावर भेटतात. पुढच्याच मात्रेला दुसरा गट धैवताला चढतो आणि पहिला गंधाराला उतरतो. गट फुटतो तो नेमका येथेच. मुले वेगवेगळ्या स्वरांवर असताना टिकून राहतात. एका स्वरावर भेटली, की निघताना दुसऱ्याचा हात धरून निघतात. हीच अडचण आठव्या मात्रेला रिषभावर पुन्हा येते, तेथून एकाला षड्जावर आणि दुसऱ्याला गंधारावर जायचे असते. आपल्या गटाचा दुसरा आवाज कोठे सुटतो ते येत्या तालमीत बारकाईने पाहा. दोन आवाज एकत्र येतात त्या जागेच्या पुढच्या मात्रेलाच तो सुटत असेल, असा माझा अंदाज आहे. उपाय सोपा आहे: एवढ्या दोनच मात्रा, प-ध आणि प-ग, संथ लयीत वीस वेळा म्हणवून घ्याव्यात, आणि गटांची अदलाबदल करून पुन्हा वीस वेळा.

भूपच का, याचेही कारण आहे. भूपात म आणि नी नसल्याने अर्धस्वराचे अंतर कोठेच येत नाही. एक स्वर सोडून पुढचा स्वर घेतला तर सा-ग, रे-प, ग-ध, प-सा, ध-रे अशा जोड्या मिळतात आणि त्यांतली कोणतीही कानाला बोचत नाही. चूक झाली तरी ती कर्कश लागत नाही, त्यामुळे मुले घाबरून थांबत नाहीत. पुढे यमनात याच रीतीने जोड्या घेतल्या की सगळ्या तृतीयाच (म्हणजे तिसऱ्या स्वरापर्यंतची अंतरे) मिळतात, काही मोठ्या (सा-ग, रे-तीव्र म, प-नी) आणि काही लहान (ग-प, तीव्र म-ध, ध-सा, नी-रे). मोठी आणि लहान तृतीया यांतला फरक मुलांना पुस्तकातून सांगण्यापेक्षा यमनाचा आरोह दोन गटांत असा गाऊन दाखवावा, पाच मिनिटांत कळतो. रागाच्या चलनाचे नियम येथे मोडतात हे खरे आहे आणि कुणी शास्त्रीय गायक मित्र तालमीला आले तर ते कपाळाला आठ्या घालतीलही. आपण राग मांडत नाही, रागाच्या स्वरांत कान घडवत आहोत, हे त्यांना आणि मुलांनाही स्पष्ट सांगावे.

चौथी पायरी समांतर दुसऱ्या आवाजाची, आणि त्यासाठी गोव्याकडे पाहावे. मांडो हा कोंकणी गाण्याचा प्रकार गोव्यात दोन आवाजांत गायला जातो. खालचा आवाज बहुतेक वेळ तृतीया किंवा षष्ठाच्या अंतराने मुख्य चालीच्या सोबतीने चालतो, लय संथ असते आणि साथीला घुमट हे मातीचे तालवाद्य आणि व्हायोलिन. चर्चच्या पॅरिश शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सोल्फेजिओ शिकलेल्या समाजात हा दुसरा आवाज इतका सहज झाला आहे, की घरगुती समारंभातही कुणीतरी तो आपसूक लावतो. सोल्फेजिओ म्हणजे स्वरनामे घेऊन गाणे, आणि आपली सरगम त्याच कामाची आहे. षड्ज हलवता येण्याच्या सोयीमुळे समूहगानाला ती अधिकच सोयीची पडते. गटाला मांडो शिकवायचा असेल तर कोंकणीचे उच्चार जाणणाऱ्या व्यक्तीला एक-दोन तालमींना अवश्य बोलवावे. मराठी वळणाची कोंकणी गायली तर त्या गाण्याचा अनुनासिक गोडवा जातो. स्वतंत्र चालीचा दुसरा आवाज, म्हणजे जो मुख्य चालीपासून वेगळा विचार करतो, तो या चार पायऱ्यांनंतर आणि शक्यतो दुसऱ्या सत्रात घ्यावा.

सूर उतरण्याविषयी एक अनुभव सांगतो, कारण त्यात चूक सर्वस्वी माझी होती. काही वर्षांपूर्वी एका आंतरविद्यापीठ महोत्सवात आमच्या गटाने गाण्याचे पहिले कडवे साथीशिवाय गायले आणि त्यानंतर कीबोर्डने सुरू व्हायचे होते. कडवे उत्तम झाले. कीबोर्डचा पहिला स्वर वाजला तेव्हा गट जवळपास अर्धा सूर खाली आलेला होता. साथीच्या मुलाने ट्रान्स्पोजचे बटण शोधेपर्यंत दोन मुली कीबोर्डला धरून वर गेल्या, चौघे खालीच राहिले, आणि पुढच्या चार ओळी आम्ही कशा काढल्या ते मला आठवायलाही नको वाटते. तालमीत प्रत्येक वेळी मी पहिल्या ओळीपासून पेटी धरून होतो, त्यामुळे सूर उतरतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हते.

तेव्हापासून मी खिशात ४४० आंदोलनांचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे स्थिर सूर देणारा काटा, ठेवतो. प्रत्येक गाणे साथीशिवाय गाऊन संपल्यावर शेवटचा स्वर धरून ठेवायला सांगायचे आणि काटा वाजवून तुलना करायची. उतरले असेल तर पुन्हा गाऊन, दर ओळीच्या शेवटी थांबून, उतार नेमका कोठे होतो ते शोधायचे. तो सगळ्या गाण्यात सारखा पसरलेला नसतो, ठरावीक दोन-तीन जागीच असतो. एकाच स्वरावर चार-पाच अक्षरे आली की तो स्वर खाली सरकतो. अवरोहात पावले गरजेपेक्षा मोठी पडतात आणि आरोहात लहान. म्हणून मी मुलांना जिना उतरताना कठडा धरून उतरावे तसे उतरायला सांगतो. ओळ संपता संपता श्वास संपलेला असतो आणि शेवटचे अक्षर बसते. एवढे करूनही गाणे उतरतच असेल तर पट्टी अर्धा सूर वर घेऊन पाहावे. चालीतल्या ज्या स्वरावर आवाज खालच्या पल्ल्यातून वरच्या पल्ल्यात वळतो तो स्वर बदलल्याने पुष्कळदा तक्रार नाहीशी होते. संथ गाण्यांत लय किंचित वाढवल्यानेही हाच गुण येतो.

श्वासाचा विषय त्याला लागूनच आहे. एकट्या गायकाने ओळीच्या मध्ये श्वास घेतला तर तो सगळ्यांना कळतो, समूहात तो लपवता येतो. शेजारी श्वास घेत असेल तेव्हा मी घेणार नाही, शब्द संपतो तेथे न घेता लांब स्वराच्या मध्ये घेईन, सुटताना हळूच सुटेन आणि परत येताना त्याहून हळू येईन, एवढे पाळले तर गट एखादा स्वर मिनिटभरही अखंड धरू शकतो. खर्जाचा सराव आधीपासून असलेल्यांना हे पटकन साधते.

आता उच्चार. परीक्षकांच्या शेऱ्यांत ‘आवाज एकजीव नाहीत’ असे वाक्य वारंवार येते आणि शिक्षक ते आवाजाच्या जातीवर ढकलतात. माझ्या अनुभवात दहांपैकी आठ वेळा आवाज एकजीव नसण्याचे कारण स्वरवर्ण एकसारखे नसणे हे असते. उदाहरण म्हणून ‘पाऊस’ हा शब्द चार मात्रांत पसरून गटाकडून म्हणवून घ्या. कुणी ‘आ’ दोन मात्रा धरतो, कुणी तीन. काही ‘ऊ’ कडे हळूहळू घसरत जातात आणि मध्ये एक ‘ओ’ ऐकू येतो. ‘स’ तर सहा वेगवेगळ्या वेळी येतो आणि टाळ्यांसारखा वाजतो. येथे ठरवावे लागते: ‘आ’ तीन मात्रा पूर्ण, चौथ्या मात्रेवर थेट ‘ऊ’, आणि ‘स’ पुढच्या समेवर सगळ्यांचा एकत्र, तोही निम्म्याच मुलांनी उच्चारायचा, कारण बारा जणांचा ‘स’ सभागृहात पुरेसा ऐकू येतो. ‘ऐ’ आणि ‘औ’ मराठीत अनुक्रमे अइ आणि अउ असे उच्चारले जातात. लांब स्वरावर पहिला ‘अ’ धरून ठेवावा आणि ‘इ’ किंवा ‘उ’ अगदी शेवटी टेकवावा. व्यंजन मात्रेच्या किंचित आधी आणि स्वर बरोबर मात्रेवर आला पाहिजे. तसे झाले नाही तर गट लयीत असूनही मागे पडल्यासारखा वाटतो आणि तबलजी उगाच लय वाढवतो.

विद्यापीठाच्या गटात मुले अनेक जिल्ह्यांतून आलेली असतात, म्हणून ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चारही एकदा तपासून घ्यावेत. ‘चंद्र’ मधला च वेगळा आणि ‘चांदणे’ मधला वेगळा. दोन्ही एका ओळीत आले की गोंधळ ठरलेला. तसेच न-ण, ल-ळ. यात कुणाच्या बोलीला नावे ठेवण्याचे कारण नाही, आणि ते मुलांना जाणवता कामा नये. लोकगीत ज्या भागातले असेल त्या भागातल्या विद्यार्थ्याला उच्चारांचा प्रमुख नेमावे. मी हे केल्यापासून तालमीत कधी न बोलणारी दोन-तीन मुले बोलू लागली.

मींड, मुरकी, हरकत यांबद्दल शास्त्रीय शिकलेली मुले थोडी नाराज होतील. समूहात प्रत्येकाने आपापली मुरकी घेतली तर ती धूसर होते. जागा ठरवाव्यात, स्वर ठरवावेत आणि त्या लिहून द्याव्यात, किंवा एकाच आवाजाला त्या जागी मोकळे सोडून बाकीच्यांनी सरळ स्वर धरावा.

लिहून देण्याचा मुद्दा मी मुद्दाम आणला. कानाने शिकणाऱ्या गटाला एक आवाज पाठ होतो, तीन आवाजांचे नाते पाठ होत नाही. भातखंडे लिपी मुलांना येतच असते: मंद्रासाठी खाली बिंदू, तारासाठी वर बिंदू, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. तीन आवाजांच्या तीन ओळी एकाखाली एक, मात्रा बरोबर मात्रेखाली येईल अशा लिहिल्या, की प्रत्येकाला आपल्या स्वराच्या वर-खाली काय चालले आहे ते दिसते. पाश्चात्त्य स्वरलेखन पुढे शिकवावेच, कारण जगभरचे समूहगान त्यात उपलब्ध आहे. पण पहिल्या सत्रात दोन्ही ओझी एकदम देऊ नयेत.

उभे राहण्याच्या जागेचा परिणामही लोक समजतात त्याहून मोठा असतो. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज वाढवतो. फ्रेंच वैद्य लोंबार्ड यांनी १९११ मध्ये हे दाखवून दिले आणि तेव्हापासून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. खांद्याला खांदा लावून उभा असलेला गट म्हणूनच दर कडव्याला चढ्या आवाजात गाऊ लागतो. दोघांत हातभर अंतर ठेवावे, मोठ्या आवाजाच्या मुलाला मागच्या रांगेत एका टोकाला न ठेवता पक्क्या सुराच्या पण मृदू आवाजाच्या मुलाशेजारी ठेवावे, आणि आवाज पक्के झाल्यावर गटवार न उभे करता तिन्ही आवाज सरमिसळ उभे करावेत. पहिल्या दिवशी सगळे कोसळते. दुसऱ्या आठवड्यात मुलांना प्रथमच कळते, की दुसऱ्या आवाजाची चाल काय आहे.

प्रत्येकाची प्रगती कशी तपासावी, हेही आपण ओझरते विचारले आहे. महिन्यातून एकदा तीन-तीन जणांना, प्रत्येक आवाजाचा एक याप्रमाणे, आठ ओळी साथीशिवाय गायला लावावे. २४ मुलांचे आठ गट होतात आणि दीड तासाची एक तालीम त्यात जाते. ती वाया गेली असे वाटू देऊ नये. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते त्या तिघांनीच ऐकावे आणि कोठे सुटले ते आपल्या कागदावर पेन्सिलीने खुणावावे. आपण सांगितलेली चूक मुले पुढच्या तालमीपर्यंत विसरतात, स्वतः ऐकलेली सहसा विसरत नाहीत.

युवा महोत्सवाचे बंधन आपल्यालाही असणारच. भारतीय समूहगानात जास्तीत जास्त ६ गायक, ३ साथीदार आणि १० मिनिटे, असा तो प्रकार असल्याने पुष्कळ विद्यापीठांत वर्षभराचे काम सहा जणांची निवड आणि दोन गाण्यांची घोकंपट्टी यांत संपते, आणि उरलेली मुले तालमीला येणे सोडतात. माझी सूचना अशी, की २४ जणांचा गट कायम ठेवावा, महोत्सवाचे गाणे सगळ्यांना शिकवावे आणि सहा जण शेवटच्या तीन आठवड्यांत निवडावेत. तीन आवाजांत सहा गायक म्हणजे एका आवाजाला दोघेच, आणि दोघांत लपायला जागा नसते. तेथे वर सांगितलेली तीन-तीन जणांची परीक्षा दिलेली मुलेच उपयोगी पडतात.

एका सत्रात किती होईल? आठवड्यातून दीड तासाच्या दोन तालमी धरल्या, तर साथीशिवाय दोन आवाजांतले एक संथ गाणे, सूर न उतरता, आणि भूपातला पाठोपाठचा तुकडा तीन गटांत, एवढे पदरात पडले तरी मी समाधानी असेन. तीन आवाजांचे गाणे डिसेंबरनंतर घ्यावे. येत्या तालमीला मात्र एवढेच करा: पेटी कपाटात ठेवून किल्ली दुसऱ्या कुणाकडे तरी द्या, कारण तिसऱ्या मिनिटाला गट डगमगू लागला की आपलाच हात पहिल्यांदा भात्याकडे जाईल.